अडखळणारं इंजिन : प्रस्तावना

‘गाडी मिसिंग मारते’ या तीन शब्दांवर गॅरेजमधलं अर्धं काम चालतं. तक्रार एक, पण तिच्या पोटात निदान पाच वेगळ्या तक्रारी असतात. सिग्नलला उभी असताना गाडी थरथरते, ही एक. सकाळी थंड असताना कुरकुरते आणि दोन किलोमीटरनंतर शहाणी होते, ही दुसरी. तिसरी नेमकी उलट, तापली की बिघडते. चौथीत पाय दाबला की गाडी क्षणभर दम खाते आणि मग उसळते. पाचवी बहुधा सगळ्यांत महाग पडते: खाली सगळं गोड, पण साडेपाच हजार फेऱ्यांच्या वर गेलं की कुणी मागून धरून ठेवल्यासारखं होतं. मालक पाचही वेळा तेच तीन शब्द बोलतो, आणि बऱ्याच गॅरेजांत पाचही वेळा पहिलं काम एकच होतं: नवे प्लग टाकणं.

नवे प्लग टाकायला या पुस्तकाची हरकत नाही. जुने प्लग न बघता फेकायला आहे. काढलेला प्लग कोणत्या सिलिंडरचा, तो काळा कोरडा की काळा ओला, पांढराफटक की विटकरी, याची नोंद झाली नाही तर पुराव्याचा पहिला कागदच कचऱ्यात गेला. पुढच्या सगळ्या प्रकरणांचा रोख इकडेच आहे. भाग बदलण्याआधी प्रश्न विचारायचा, आणि प्रश्न असा विचारायचा की उत्तराने निम्म्या शक्यता बाद व्हाव्यात.

विषयाला नवीन असलेल्या वाचकासाठी थोडी पायाभरणी. पेट्रोल इंजिनाला पुरेसं कॉम्प्रेशन, हवा आणि पेट्रोलचं बरोबर प्रमाण, वेळेवर पडणारी ठिणगी आणि जळालेला वायू बाहेर जायला मोकळी वाट, एवढंच लागतं. चार सिलिंडरचं इंजिन मिनिटाला ८०० फेऱ्यांवर आयडलिंग करत असेल तर सेकंदाला साधारण २७ स्फोट होतात. एकेका सिलिंडरच्या वाट्याला सहा-सात. त्यातला एक सिलिंडर बसला की सेकंदाला तेवढेच खड्डे पडतात आणि ते सीटला, गिअरच्या दांड्याला, आरशाला कळतात. ६००० फेऱ्यांवर स्फोट होतात सेकंदाला २००. तिथे थरथर हरवते आणि गाडी नुसती मंद वाटते. म्हणून आयडलिंगचं मिसिंग आणि वरच्या फेऱ्यांचं मिसिंग एकाच चष्म्यातून बघता येत नाही. सिलिंडर वाढले की गोष्ट आणखी फसवी होते. १९८० च्या दशकाच्या अखेरीस मरेली इग्निशनच्या जॅग्वार व्ही-१२ गाड्यांत डिस्ट्रिब्युटरमधला बिघाड एका बाजूचे सहाच्या सहा सिलिंडर बंद पाडू शकत असे. उरलेले सहा इतके गुळगुळीत चालत की चालकाला फारसं काही जाणवायचं नाही, आणि न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरकडे जाऊन कॅटॅलिटिक कन्व्हर्टर लालभडक करायचं. अशा गाड्या पेटल्याही आहेत.

स्पोर्ट्स कारच्या बाबतीत आणखी एक अडचण आधीच उभी असते: निरोगी इंजिन कसं चालतं, हेच पुष्कळदा ठाऊक नसतं. घरगुती सेडान आयडलिंगला अंग हलवू लागली तर ती आजारी आहे असं बिनदिक्कत म्हणता येतं. पण तेज कॅमशाफ्ट घातलेल्या इंजिनात इनटेक आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह बराच वेळ एकदम उघडे राहतात. खालच्या फेऱ्यांवर जळका वायू उलटा इनटेकमध्ये शिरतो, मिक्स्चर पातळ होतं आणि इंजिन लंगडत चालतं. ते तसंच चालायला हवं. साध्या कॅमचं ठणठणीत इंजिन वॅक्यूम गेजवर १७ ते २१ इंच पारा दाखवतं. तेच इंजिन रेसिंगचा कॅम घातल्यावर त्याहून बरंच खाली उतरतं आणि काटा नाचत राहतो. हे ठाऊक नसलेला मेकॅनिक कार्बोरेटरचे स्क्रू फिरवत बसतो आणि चांगली गाडी बिघडवतो. मागच्या मालकाने इंजिनात काय घातलं होतं याची चौकशी ही या पुस्तकातली सगळ्यांत स्वस्त चाचणी आहे, आणि माझ्या मते सगळ्यांत दुर्लक्षितही.

आता थोडा इतिहास, कारण गाडीचं साल कळलं की संशयितांची यादी आपोआप आखूड होते.

ठिणगीची गोष्ट सरळ आहे. चार्ल्स केटरिंग यांनी १९१० च्या आसपास बॅटरी, कॉइल आणि पॉइंटची जी व्यवस्था बसवली ती साठ-सत्तर वर्षं जवळपास तशीच टिकली. पॉइंट झिजतात, कंडेन्सर मरतो, टोपीला तडा जातो, रोटरमधून ठिणगी भलतीकडे पळते. सगळे बिघाड हाताने चाचपता येतील असे. पेट्रोलची गोष्ट मात्र वळणावळणाची आहे. इंग्लंडमध्ये स्किनर बंधूंचा एसयू कार्बोरेटर १९१० पासून कंपनीच्या नावाने विकला जाऊ लागला. त्यात एकच जेट, त्यात खाली-वर होणारी निमुळती सुई, आणि हवेच्या ओढीप्रमाणे उचलला जाणारा पिस्टन. बोलोन्यात एदोआर्दो वेबर यांनी १९२३ मध्ये सुरू केलेल्या कारखान्याचा मार्ग उलटा होता: प्रत्येक कामाला वेगळं जेट, आणि पुढे जवळपास प्रत्येक सिलिंडरला स्वतःचं नरडं. एसयू बिघडला तर सगळीकडे थोडा थोडा बिघडतो. वेबर बिघडला तर एका ठरावीक पट्ट्यातच बिघडतो, कारण त्या पट्ट्याचं जेट वेगळं असतं. एवढा एक फरक लक्षात ठेवला तरी अर्धा दिवस वाचतो.

१९५४ ची मर्सिडीज ३०० एसएल ही पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारणारी पहिली चार-स्ट्रोक उत्पादन गाडी. तिचा पंप इंजिन बंद केल्यावरही फेऱ्या थांबेपर्यंत पेट्रोल ढकलत राहायचा, ते सिलिंडरच्या भिंतींवरून खाली ओघळून ऑइल पातळ करायचं. १९६७ मध्ये बॉशची इलेक्ट्रॉनिक डी-जेट्रॉनिक फोक्सवागनवर आली, १९७३ मध्ये यांत्रिक के-जेट्रॉनिक पोर्शे ९११ वर, आणि १९७९ मध्ये ठिणगी आणि पेट्रोल एकाच संगणकाच्या हाती देणारी मोट्रॉनिक बीएमडब्ल्यूवर. मधल्या काळात, १९७६ मध्ये, व्होल्वोने एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर बसवला आणि इंजिन स्वतःचंच मिक्स्चर तपासू लागलं. १९९६ पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या मोटारीला ओबीडी-२ सक्तीचं झालं. तेव्हापासून गाडीच मिसिंग मोजते. क्रँकशाफ्टवरच्या दातेरी चाकाचा वेग प्रत्येक स्फोटानंतर किंचित वाढायला हवा. एखाद्या वेळी तो वाढला नाही की संगणक त्या सिलिंडरच्या नावावर एक खूण मारतो. काही खुणा साठल्या की दिवा लागतो. कन्व्हर्टर जळण्याइतकं मिसिंग असेल तर दिवा लुकलुकतो. मोठ्या खड्ड्यांच्या रस्त्यावर चाकांचे धक्के क्रँकपर्यंत पोचून हाच हिशोब चुकवू शकतात, म्हणून काही गाड्या रस्ता खराब असल्याचं कळताच ही मोजणी तात्पुरती थांबवतात. आपल्या रस्त्यांवर गाडी चालवणाऱ्याला हे सांगायची फारशी गरज नसावी.

या सगळ्या काळात बिघाड शोधणाऱ्यांची घराणीही बनत गेली. पहिलं घराणं कान आणि हाताचं. रबरी नळीचं एक टोक कानाला, दुसरं कार्बोरेटरच्या तोंडाशी धरून दोन्ही बाजूंचा फुत्कार सारखा होईपर्यंत स्क्रू फिरवणारे. दुसरं मोजणाऱ्यांचं: कॉम्प्रेशन गेज, लीक-डाउन टेस्टर, टायमिंग लाइट, आणि ठिणगीचा आलेख पडद्यावर दाखवणारी अमेरिकन सन कंपनीची कपाटाएवढी यंत्रं. आज तेच काम लॅपटॉपला जोडलेला ऑसिलोस्कोप करतो. तिसरं घराणं कंपनीच्या मॅन्युअलमधल्या तक्त्यांचं: हो असेल तर उजवीकडे जा, नाही असेल तर डावीकडे. चौथं स्कॅनरवाल्यांचं. पाचवं भाग बदलणाऱ्यांचं, आणि संख्येने तेच सगळ्यांत मोठं.

माझा कल दुसऱ्या घराण्याकडे आहे, हे लपवत नाही. कान असलेला मिस्त्री ज्या गाडीवर वाढला त्या गाडीवर अजोड असतो, नव्या गाडीवर मात्र तो चाचपडतो. तक्ते तयार करणाऱ्याने एका वेळी एकच बिघाड असेल असं गृहीत धरलेलं असतं. पन्नास वर्षं जुन्या गाडीत कमीत कमी तीन असतात. आणि स्कॅनर मिसिंग कुठे आहे ते सांगतो, का आहे ते सांगत नाही. पी ०३०२ म्हणजे दुसरा सिलिंडर. कॉइल, प्लग, इंजेक्टर, जळालेला व्हॉल्व्ह, यांपैकी काय ते आपण शोधायचं. त्यासाठीची साधी युक्ती अशी: दुसऱ्याची कॉइल तिसऱ्यावर लावायची आणि गाडी फिरवून आणायची. कोड पी ०३०३ झाला तर कॉइल दोषी. न झाल्यास प्लगची अदलाबदल, मग कॉम्प्रेशन. एक पैसा खर्च न होता निम्मे संशयित सुटतात.

पुस्तकाचा कणा एमजीबी या गाडीवर बेतला आहे, त्यामागे कारण आहे. इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनला १९६२ ते १९८० या काळात पाच लाखांहून अधिक एमजीबी बनल्या. सुटे भाग आणि माहिती दोन्ही मुबलक. शिवाय तिचं १७९८ सीसीचं इंजिन बीएमसीच्या बी-सीरिज कुळातलं. याच कुळातलं १४८९ सीसीचं इंजिन १९५५ च्या एमजीएमध्ये होतं आणि आपल्या ॲम्बेसेडरमध्येही. ज्या मिस्त्रींनी ॲम्बेसेडरचे टॅपेट लावले त्यांना एमजीबीचं बॉनेट उघडल्यावर ओळखीचं घर दिसतं: १-३-४-२ चा तोच फायरिंग क्रम, तेच पाच पोर्टचं हेड, ज्यात दोन-दोन सिलिंडर एकाच वाटेने श्वास घेतात. वाट सामाईक असल्यामुळे आतले आणि बाहेरचे सिलिंडर अगदी सारखे कधीच भरत नाहीत. प्लगांच्या रंगात थोडी तफावत दिसली तर लगेच घाबरायचं कारण नाही.

या गाडीवर निदान कसं चालतं त्याचा मासला इथेच देतो. किल्ली फिरवल्यावर मागच्या बाजूने पेट्रोल पंपाची टिकटिक ऐकू येते. ती काही सेकंदांत मंदावून थांबली तर कार्बोरेटरच्या वाट्या भरल्या. अखंड चालू राहिली तर पंप कुठेतरी हवा खेचतोय किंवा टाकी रिकामी. मग इंजिन पूर्ण तापवायचं. प्रत्येक एसयूच्या बुडाशी एक बारीक पिन असते. तिने पिस्टन जेमतेम एक मिलिमीटर उचलायचा. फेऱ्या वाढून वाढलेल्याच राहिल्या तर मिक्स्चर रिच (पेट्रोल जास्त), इंजिन बसायला लागलं तर लीन (पेट्रोल कमी), क्षणभर वाढून पूर्ववत झाल्या तर बरोबर. दोन्ही कार्बोरेटर वेगवेगळी उत्तरं देत असतील तर स्क्रूला हात लावायच्या आधी थ्रॉटलच्या दांड्याच्या टोकांशी बघावं. तिथली भोकं झिजलेली असतात आणि हवा तिथूनच घुसते.

पण ब्रिटिश गाड्यांच्या मेकॅनिकांत एक जुनी थट्टा आहे की कार्बोरेटरचे बहुतेक बिघाड डिस्ट्रिब्युटरमध्ये सापडतात, आणि ती थट्टा अनुभवाने खरी ठरते. पॉइंटमधलं अंतर ०.३५ ते ०.४० मिलिमीटर. ते नीट लावलं, तरी गाडी फक्त अर्ध्या पायावर, सपाट रस्त्याला मिसिंग मारते आणि पाय पूर्ण दाबला की सुधारते. असं का? लुकासच्या डिस्ट्रिब्युटरमध्ये पॉइंटची तबकडी वॅक्यूमने फिरते आणि तिला बॉडीशी जोडणारी अर्थिंगची वेणीसारखी बारीक तार असते. वर्षानुवर्षं वाकून ती कापडाच्या वेष्टणाच्या आत तुटते. वॅक्यूम जास्त असताना तबकडी फिरते, तार ताणली जाते, संपर्क तुटतो. पाय दाबला की वॅक्यूम पडतो, तबकडी परत येते, तार पुन्हा टेकते. बाहेरून ती धडधाकट दिसते. कार्बोरेटर दोनदा उघडून झाल्यावर सापडणारा हा बिघाड आहे, आणि तार काही रुपयांची.

पोर्शे ९११ ची के-जेट्रॉनिक ही दुसरी सविस्तर कथा. या व्यवस्थेत आत येणारी सगळी हवा एका तबकडीवरून जायला हवी, कारण तिच्या उचलण्यावरच पेट्रोल ठरतं. तबकडीनंतर कुठेही चोरवाट असली की मिक्स्चर लीन आणि आयडलिंग हेलकावे खातं. थंड असताना इंजिन इनटेकमध्येच फटका मारतं, प्लास्टिकचा एअरबॉक्स तडकतो, आणि तडकल्यामुळे पुढचे फटके वाढतात. मालकांनी यावर दाब सोडणारी झडप बसवून घेतली, ती आज जवळपास नियमच झाली आहे. तपासणी मात्र अगदी साधी: इंजिन चालू ठेवून ऑइल टाकीचं झाकण उघडावं. क्रँककेस इनटेकशी जोडलेलं असल्यामुळे इंजिन अडखळायलाच हवं. ढिम्म फरक पडला नाही तर दुसरीकडून आधीच भरपूर हवा येते आहे.

अलीकडच्या गाड्यांवरचा भाग मुद्दाम आवरता घेतला, कारण त्यांच्याबद्दल छापील माहितीला तोटा नाही. दोन गोष्टींना जागा दिली. एक, फ्युएल ट्रिम, म्हणजे संगणकाने पेट्रोलच्या प्रमाणात केलेली दुरुस्ती, वाचण्याची पद्धत. आयडलिंगला ट्रिम खूप वर आणि २५०० फेऱ्यांना शून्याजवळ आला तर हवेची गळती. लोड वाढेल तसा ट्रिमही वाढत गेला तर पेट्रोलचा दाब किंवा हवा मोजणारा सेन्सर. दुसरी, डायरेक्ट इंजेक्शनमधला कार्बन. पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारल्यामुळे इनटेक व्हॉल्व्हच्या पाठीवरून ते वाहत नाही, तिथे ऑइलच्या वाफांचा काळा थर साचतो आणि थंड गाडी थरथरते. ऑडीच्या २००६ च्या आरएस४ ने हा बिघाड प्रसिद्ध केला. अक्रोडाच्या कवचाची भरड हवेच्या दाबाने मारून थर काढतात. टोयोटाने २०१२ च्या जीटी८६ मध्ये पोर्टमधला आणि थेट, असे दोन्ही इंजेक्टर बसवून मुळावरच इलाज केला.

असं पुस्तक मराठीत आणि आत्ताच का, याला तीन कारणं आहेत. पहिलं पंपावर मिळतं. २०२३ पासून ई-२० पेट्रोल येऊ लागलं आणि दोन वर्षांत ते जवळपास सगळीकडे पोचलं. आपल्याच साखर कारखान्यांचं इथेनॉल त्यात असतं, त्यामुळे ऊसपट्ट्यात त्याला नावं ठेवणं अवघड. पण १९७० च्या रबरी नळ्या त्याने फुगतात, टाकीच्या बुडाला साचलेलं पाणी ते ओढून घेतं, आणि इथेनॉलला जळायला हवेचं प्रमाण पेट्रोलपेक्षा बरंच कमी लागतं, म्हणजे जुन्या सुईवर चालणारा कार्बोरेटर आपोआप लीन होतो. ऑक्सिजन सेन्सर असलेली गाडी स्वतःला सावरते. एसयूला आपण जेटचा नट फिरवून सावरायचं, एका वेळी एकच कड. दुसरं कारण, बाजारात मिळणारे नवे कंडेन्सर आणि रोटर. त्यांतले कित्येक जुन्या वापरलेल्या भागांपेक्षा वाईट निघतात. नवा भाग म्हणजे चांगला भाग हे गृहीतक आता चालत नाही, आणि निदानाची सगळी भिस्त त्यावर असते. तिसरं कारण माणसांचं. ॲम्बेसेडर २०१४ मध्ये बंद झाली, मुंबईच्या पद्मिनी टॅक्सी २०२३ मध्ये रस्त्यावरून गेल्या. त्यांच्यावर हात बसलेले मिस्त्री निवृत्त होताहेत. त्यांची विद्या मराठी-हिंदीत बोलली गेली, कागदावर फारच थोडी उतरली.

भारतात बनलेल्या स्पोर्ट्स कार थोड्याच. त्यांतली सॅन स्टॉर्म ही दोन आसनी उघडी गाडी गोव्यात बनली, इंजिन रेनोचं ११४९ सीसी. उरलेल्या गाड्यांच्या मालकांना इंजिनाचे भाग आजही या ना त्या वाटेने शोधावे लागतात, म्हणून तिच्यावर एक छोटं प्रकरण आहे. छोटं, पण मला सगळ्यांत आवडलेलं. रोटरी इंजिनाच्या माझ्दा मात्र वगळल्या. तिथे साधा कॉम्प्रेशन गेज एका रोटरच्या तीन तोंडांचे आकडे वेगळे दाखवत नाही, उपकरणच निराळं लागतं, आणि ज्याच्याजवळ ते आहे त्याला या पुस्तकाची गरज नाही.

पुस्तक पहिल्या पानापासून वाचायला हवं असं नाही. गाडी कधी अडखळते, थंड की गरम, आयडलिंगला की लोडवर, एकच सिलिंडर की सगळे, एवढं आधी वहीत लिहावं आणि त्या उत्तरांच्या प्रकरणाकडे जावं. कार्बोरेटरच्या गाडीवर पेट्रोलचा फवारा मारून गळती शोधायची पद्धत काही ठिकाणी आली आहे. तिथे हाताशी अग्निशामक असावा, आणि तापलेल्या एक्झॉस्टवर ती पद्धत मुळीच वापरू नये. बाकी हत्यारं साधीच लागतील. कामाला लागण्याआधी डिस्ट्रिब्युटरच्या टोपीवर कोणती वायर कुठे बसली आहे त्याचा मोबाईलवर एक फोटो काढावा, वायरींना आकड्यांच्या चिठ्ठ्या चिकटवाव्यात, आणि मगच पहिली वायर उपटावी.